शहरातील पहिले घर : इसार देण्यापूर्वी

अमरावती-नागपूर महामार्गावरील नांदगाव पेठ येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, कापडाचे कारखाने आले. तरीही शिकलेल्या अनेक तरुणांची पावले नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे वळतात. काही वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर स्वतःच्या घराचा विचार सुरू होतो आणि गावचे शेत विकावे काय, हा प्रश्न निघतो. अशा वेळी सल्ला विचारला जातो तो गुरुजींना किंवा पंचायतीच्या सदस्यांना. म्हणून या व्यवहाराची माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

गावात घर ओळखले जाते ते ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून. वस्तुतः ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. व्यवहार निभावतो तो इसारपावती आणि शेजाऱ्यांची साक्ष यांवर. शहरात शेजारी अजून यावयाचे असतात. पुष्कळदा इमारतही उभी नसते.

या अडचणीची दखल राज्याने 1963 च्या सदनिका अधिनियमाने घेतली होती. केंद्राच्या 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाने बंधने अधिक कडक केली. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ‘आधी निम्मे भरा, करार मागाहून करू’ असे कोणी म्हणाल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळावा. किंमत चटई क्षेत्रावर ठरते. बाहेरच्या भिंती, सज्जा व गच्ची त्यात धरावयाची नसतात.

खरी ओढाताण होते ती रोख रकमेची. पुण्यात 50 लाख रुपयांची, बांधकाम चालू असलेली सदनिका घेतली असे समजू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक किमतीच्या फार तर 80 टक्के, म्हणजे 40 लाख रुपये कर्ज देऊ शकते. उरलेले 10 लाख पदरचे. त्यावर 7 टक्के मुद्रांक शुल्क साडेतीन लाख, नोंदणी फी 30 हजार आणि 5 टक्के वस्तू व सेवा कर अडीच लाख. एकूण 16 लाख 30 हजार रुपये घरातून उभे करावे लागतात. जाहिरातीत हा आकडा क्वचितच दिसतो. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही.

ताबा लांबला तर भाडे आणि कर्जावरील व्याज एकाच पगारातून द्यावे लागते. म्हणून करारात ताब्याची तारीख स्पष्ट असावी. ती चुकल्यास ग्राहकाला दरमहा व्याज किंवा व्याजासह रक्कम परत मागता येते.

1976 च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या म्हाडाची सोडत हा दुसरा मार्ग. अर्जासाठी अधिवासाचा दाखला लागतो. तो मिळविताना गावच्या शाळेतील नोंद उपयोगी पडते. मुख्याध्यापकांनी ती देण्यास विलंब लावू नये. सर्वसाधारण योजनेत संबंधित शहरात मालकीचे घर नसावे, एवढीच अट असल्याने गावचे घर आड येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांसाठी मात्र अर्जदाराच्या कुटुंबाचे देशात कोठेही पक्के घर असता कामा नये. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. तेव्हा वडिलोपार्जित घर वडिलांच्याच नावे आहे की मुलाचेही नाव लागले आहे, हे अर्जापूर्वी नमुना 8 काढून पाहावे.