सरदाराचा मुलगा नको

उदगीर

चि. शुभदा,

बिदरची मावशी परवा येऊन गेली. बोलता बोलता म्हणाली, शुभदाच्या कादंबरीतला तो उघड्यावर झोपणारा पोरगा शेवटी कुण्या सरदाराचा हरवलेला मुलगा निघतो, आणि प्रकाशकाला ते फार पसंत आहे. तेव्हापासून मला चैन नाही. खरं आहे का हे?

अगं, किल्ल्याच्या दरवाजात उभं राहून तूच विचारलं होतंस, उदगीरच्या लढाईच्या वेळी इथली लेकरं कुठं होती म्हणून. त्याचं उत्तर काय, तर दंडावर ताईत आणि ताइतात बापाची मुद्रा? असले ताईत सिनेमात ढिगानं झाले.

फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला औशाच्या वाटेवर कोंडलं, साठ लाखांचा मुलूख घेतला, दौलताबाद, अशीरगड मिळवले, हे तुला पाठ आहे. मी तुझ्या पोराचं बोलतोय. उदगीरच्या बाजारात वाढलेला म्हणजे मराठी, दखनी, कानडी, तेलुगू असं सगळंच त्याला तोडकंमोडकं येणार. इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला, आधी निजामाकडं होता, मग भाऊंकडं आला. त्याच्या पलटणींत तेलंगे. अशा छावणीत हे पोरगं कुणाचा निरोप कुणाला पोचवील, काय काय ऐकील! तोफांच्या बैलांना पाणी दाखवत ते परतूरला जाईल, तिथून फौजेमागं थेट पानिपताला. त्याला सरदार बाप पाहिजे कशाला? सरदारांच्या याद्या सापडतात गं. बुणग्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. तुझ्या हाती एक सापडला, तर त्यालाही तू वाड्यात नेऊन बसवतेस.

डिकन्सनंसुद्धा ऑलिव्हरला शेवटी चांगल्या घरचा ठरवलाच. ह्यूगोचा गाव्रोश मात्र पॅरिसच्या रस्त्यावरचाच राहिला, काडतुसं गोळा करताना गोळी लागून गेला. मला अजून तोच आठवतो. तुझ्या पोराला मारू नकोस हं, लेकरं वाचणार आहेत.

स्टेशनवर चहाची किटली घेऊन डब्यामागं पळणारी पोरं दिसली की पुन्हा तेच मनात येतं. यातल्या एखाद्याच्या हाती तुझं पुस्तक पडलं, तर शेवटच्या पानावर त्याला काय कळेल? पराक्रमालाही मोठं घराणं लागतं, एवढंच.

फार बोललो. मलाही याच लढाईवर नाटक लिहायचं होतं. नोकरी लागली, तुझ्या आईचं लग्न निघालं, राहूनच गेलं. रात्री अजून कधीकधी त्यातले संवाद सुचतात, आणि मामीला वाटतं मी झोपेत बडबडतोय. तू लिहितेस म्हटल्यावर त्या पोरात माझाही जीव अडकलाय, दुसरं काही नाही.

प्रकाशक अडून बसला आणि पैशाची ओढ झाली तर मला कळव, पेन्शन कुठं जाते आमची? आणि मावशीच्या ऐकण्यातच घोळ झाला असेल, तर हे पत्र फाडून टाक. तिला हल्ली कमीच ऐकू येतं.

संक्रांतीला ये. मामी धपाटे करील. लिहिलेलं सगळं घेऊन ये, अक्षर तेवढं मोठं छाप, ऑपरेशननंतरही मला बारीक वाचवत नाही. शेवट बदलला नसलास तरी आण. कुरकुर करीन, पण सगळं वाचीन.

तुझा
मामा