एकाच दृश्यावर दोन मतं : 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या चित्रपटावरून 'स्वमत' शिकवताना



मराठीच्या पेपरात 'स्वमत' म्हणून एक प्रश्न असतो. 'तुमचे मत लिहा', 'तुम्हाला काय वाटते ते तुमच्या शब्दांत सांगा' अशा भाषेत तो येतो. आणि बाजारात मिळणाऱ्या गाईडमध्ये त्याच प्रश्नाचं तयार उत्तरही छापलेलं असतं! म्हणजे मत मुलाचं, लिहिलं तिसऱ्यानंच, पाठ केलं मुलानं आणि गुण दिले आपण. चाळीस वह्यांमध्ये स्वल्पविरामासकट एकच 'स्वमत' वाचायची वेळ तुमच्यावरही आली असेल.

बरं, मुलांना मत नसतं असं अजिबात नाही. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्यांचं बोलणं ऐका. कालच्या मॅचवर, नव्या चित्रपटावर, कार्टूनवर हमरीतुमरी चाललेली असते. तीच मुलं तासाला 'तुला काय वाटतं?' म्हटलं की गप्प होतात. कारण त्यांना पक्कं ठाऊक असतं की बाईंच्या मनात एक 'बरोबर' उत्तर आहे आणि ते ओळखायचं आहे. म्हणून आजचा पाठ मत कशाचं बनतं यावर आहे. उदाहरण मुद्दाम दूरचं घेतलंय. जवळच्या चित्रपटाचं घेतलं की आवडत्या हिरोची बाजू घेण्यातच तास संपतो.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकेतली दूरदर्शन मालिका. 1966 ते 1969 या काळात एनबीसी वाहिनीवर तिचे 79 भाग दाखवले गेले. 'एंटरप्राइझ' नावाचं अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, टोकदार कानांचा आणि फक्त तर्कानं चालणारा स्पॉक, चिडका पण मायाळू डॉक्टर मॅकॉय. दर भागात नवा ग्रह, नवा पेच. प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही म्हणून तीन हंगामांनंतर मालिका बंद झाली आणि गंमत म्हणजे बंद झाल्यावरच ती खरी लोकप्रिय झाली. सत्तरच्या दशकात ठिकठिकाणच्या स्थानिक केंद्रांवरून तिचे भाग पुन्हा पुन्हा लागायचे. चाहते संमेलनं भरवू लागले. नासाच्या पहिल्या चाचणी शटलला 'एंटरप्राइझ' हे नाव मिळालं, तेसुद्धा 1976 मध्ये चाहत्यांनी पाठवलेल्या पत्रांच्या ढिगामुळे. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर लागायची. घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, कान नक्की आठवतील.

आधी याच मालिकेचा दुसरा अवतार दूरदर्शनसाठीच काढायचं ठरलं होतं. पण 1977 मध्ये 'स्टार वॉर्स' तुफान चालला आणि पॅरामाउंट कंपनीनं मालिकेचा बेत गुंडाळून मोठ्या पडद्याचा चित्रपट करायचं ठरवलं. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, म्हणजे 'द साउंड ऑफ म्युझिक'वाले. 7 डिसेंबर 1979 ला 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांत जी फूट पडली ती आजतागायत बुजलेली नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते. एक अतिप्रचंड ढग पृथ्वीकडे येतोय, वाटेत येईल ते नाहीसं करतोय. कर्क आता वरच्या हुद्द्यावर गेलाय, तरी तो तरुण कप्तान डेकरला बाजूला सारून एंटरप्राइझचा ताबा परत घेतो. ढगाच्या पोटात आहे 'व्हीजर' नावाचं एक विचार करणारं यंत्र. ते आपल्या निर्मात्याला शोधतंय. शेवटी उलगडा होतो की हे यंत्र म्हणजे माणसानंच विसाव्या शतकात सोडलेलं 'व्हॉयेजर 6' यान. नावातली मधली अक्षरं काजळी धरून झाकली गेली, उरलं ते 'व्हीजर'. सगळ्या विश्वाची माहिती गोळा केलेलं एक लेकरू घरी येऊन विचारतंय, 'मी कशासाठी आहे?'

आता भांडण बघू. चित्रपट सुरू होऊन थोडा वेळ झाल्यावर एक दृश्य येतं. कर्क आणि अभियंता स्कॉटी एका छोट्या डब्यासारख्या वाहनात बसून गोदीतल्या नव्याने सजवलेल्या एंटरप्राइझभोवती फिरतात. पाच-सहा मिनिटं. जवळजवळ संवाद नाहीत. यानाची एकेक बाजू उजळत जाते, जेरी गोल्डस्मिथचं संगीत चढत जातं आणि कर्कच्या चेहऱ्यावर, घर पुन्हा दिसलेल्या माणसाचे भाव असतात. बस्, एवढंच.

ज्यांना चित्रपट आवडत नाही त्यांना 'का?' विचारलं की ते हमखास या दृश्याकडे बोट दाखवतात : काही घडतच नाही! 'मोशन पिक्चर' या नावावरून 'स्लो मोशन पिक्चर' अशी टिंगल तेव्हाच सुरू झाली होती. आणि ज्यांना चित्रपट जिवापाड आवडतो त्यांना विचारलं, तर तेही याच दृश्याकडे बोट दाखवतात. मालिका बंद पडून दहा वर्षं झालेली. छोट्या पडद्यावर जे यान खेळण्याएवढं दिसायचं, ते भिंतभर पडद्यावर पहिल्यांदा दिसतंय. त्यांच्यासाठी घडायचं ते सगळं याच मिनिटांत घडतं.

पडद्यावरची मिनिटं दोघांचीही तीच होती. फरक होता तो प्रेक्षक घरून काय घेऊन आला यात. एक जण दहा वर्षांची वाट पाहणं घेऊन आला, दुसरा दोनच वर्षांपूर्वी पाहिलेल्या 'स्टार वॉर्स'मधली धावपळ. मुलांना मत शिकवताना मला हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. 'आवडलं का?' याच्या आधी 'तू काय बघायला आला होतास?' हे विचारायला हवं, आणि हा प्रश्न एकाही स्वाध्यायात मला दिसलेला नाही.

मात्र 'जुन्या चाहत्यांना आवडला, नव्यांना नाही' असं सोपं गणित फळ्यावर मांडू नका, ते चुकीचं ठरेल. मालिकेवर जीव असलेल्या कितीतरी जणांनाच हा चित्रपट परका वाटला. त्यांची मालिका म्हणजे कर्क, स्पॉक आणि मॅकॉय यांची चेष्टामस्करी, वाद आणि मैत्री. इथे ती माणसं बराच वेळ नुसती ढगाकडे बघत उभी. पिवळे-निळे-लाल गणवेश जाऊन राखाडी आणि फिकट कपडे आले, त्यांना झोपायचे कपडे म्हणून हिणवलं गेलं. शिवाय 1967 मधल्या मालिकेच्या एका भागात पृथ्वीवरून निघालेलं आणि अवकाशात बदलून गेलेलं 'नोमॅड' नावाचं यंत्र कर्कलाच आपला निर्माता समजतं. म्हणजे जुन्या प्रेक्षकाला गोष्ट शिळी आणि नव्याला ताजी! उलट, ज्यांनी मालिकेचा एकही भाग पाहिला नव्हता पण संथ, विचारात टाकणारं काही बघायला आवडतं, अशा काहींना हाच चित्रपट भावला. त्यामुळे कोण कोणत्या गटातला यावरून मत ओळखता येत नाही. कारण विचारावंच लागतं.

याच चित्रपटात आपल्या मुंबईची एक मुलगी आहे, हे पालकांपैकी काहींना आठवत असेल. पर्सिस खंबाटा. 1965 ची मिस इंडिया. इलिया नावाच्या परग्रहावरच्या अधिकारी स्त्रीच्या भूमिकेसाठी तिनं डोक्यावरचे सगळे केस काढले होते. व्हीजर इलियाला नाहीसं करतं आणि तिच्याच रूपातलं यंत्र जहाजावर पाठवतं. तिच्या कामावरही मतं दोन : कुणी म्हणालं चेहरा कोरा आहे, कुणी म्हणालं यंत्राची भूमिका आहे, कोरा चेहराच तर हवा. मला स्वतःला दुसरं पटतं. पण वर्गात हे आधी सांगायचं नाही. एकदा बाईंचं मत कळलं की चाळीस जणांचं तेच होतं.

आता थोडं व्याकरणासारखं काम. मुलांपुढे ही तीन वाक्यं ठेवा : 'हा चित्रपट 132 मिनिटांचा आहे.' 'हा चित्रपट लांबलेला आहे.' 'हा चित्रपट पडला.' पहिलं घड्याळ लावून तपासता येतं, ती वस्तुस्थिती. दुसरं मत. तिसऱ्याला मुलं पटकन मत म्हणतात, कारण ते रागानं बोलल्यासारखं वाटतं. पण तेही तपासता येतं. खर्च झाला सुमारे 4.4 कोटी डॉलर, जगभरातली तिकीटविक्री सुमारे 13.9 कोटी डॉलर. म्हणजे 'पडला' हे मतही नाही, ते खोटं विधान आहे. इतक्या खर्चाच्या मानानं कंपनीला आणखी अपेक्षा होती, हे खरं. पुढचा भाग 1982 मध्ये सुमारे 1.2 कोटीत उरकला गेला, आणि तो बहुतेक सगळ्यांना आवडला! 'मला आवडला नाही' आणि 'कुणालाच आवडला नाही' या दोन वाक्यांतली दरी मुलांना दाखवायला एवढे आकडे पुरतात. मोठ्यांनाही दाखवायला हरकत नाही.

अजून एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. प्रदर्शनाची तारीख आधीच ठरलेली, विशेष दृश्यांचं काम शेवटच्या घटकेपर्यंत चाललेलं, त्यामुळे वाइज यांना मनासारखं संकलन करायला वेळच मिळाला नाही. पुढे 2001 मध्ये त्यांनी तो पुन्हा नीट करून 'दिग्दर्शकाची आवृत्ती' काढली. ती पाहून काहींनी आपलं जुनं मत बदललं, काहींचं तसूभरही हललं नाही. मत बदलणं म्हणजे हरणं नाही, हे सांगण्यापेक्षा ही हकिगत सांगा, मुलांना जास्त कळतं.

हा चित्रपट वर्गात दाखवा असं मी म्हणत नाही. तो मोठा आहे आणि इंग्रजीत आहे, बऱ्याच तासिका जाऊन हाती जांभया येतील. प्राथमिकच्या मुलांसाठी 'छोटा भीम' पुरे. तीही दूरदर्शन मालिका, आणि 'कर्स ऑफ दमयान'च्या गोष्टीवर 2012 मध्ये कार्टून चित्रपट आला, 2024 मध्ये खऱ्या माणसांचा. मी सहावीच्या वर्गात विचारलं, 'मालिकेतला भीम आणि चित्रपटातला भीम, एकच वाटला का? कुठल्या दृश्यात नाही वाटला?' 'छान आहे', 'बोअर आहे' ही उत्तरं आधीच बाद केली होती. एका मुलीनं लिहिलं, 'माझ्या मनातला भीम वेगळ्या आवाजात बोलतो.' या एका ओळीत तिची अपेक्षाही आली आणि कारणही. गाईडमध्ये हे वाक्य सापडणार नाही.

त्यानंतर जोड्या लावल्या. ज्याला आवडला त्यानं न आवडणाऱ्याचं म्हणणं आपल्या वहीत लिहायचं, आणि समोरच्यानं वाचून 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हटलं तरच ते पूर्ण. यात खूप वेळ जातो. आवाजही होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. गुण देताना मी मताला गुण देत नाही. नेमकं दृश्य सांगितलं का, कारण त्या दृश्याला चिकटून आहे का, एवढंच बघते.

पालकहो, घरी एवढंच करा. चित्रपट संपल्यावर 'कसा वाटला?' म्हणू नका. 'कुठे उठून पाणी प्यायला गेलास?' असं विचारा. उत्तर खरं मिळतं.

आणि हो, ही गोष्ट सांगितली की 'व्हॉयेजर 6 खरंच आहे का?' हा प्रश्न येणारच, तयारीत राहा. 6 नाही. व्हॉयेजर दोनच, दोन्ही 1977 मध्ये निघाली. चित्रपट आला त्याच वर्षी ती गुरू ग्रहाजवळून गेली होती. व्हॉयेजर 1 तर 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावाचं क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात 55 भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे, आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिथून भाषेचा तास विज्ञानाकडे किंवा गाण्याकडे गेला तर जाऊ द्या. केसरबाईंची ती भैरवी मोबाइलवर लावली तर मागच्या बाकापर्यंत ऐकू जात नाही, छोटा स्पीकर बरोबर न्या.