रांग बघू नका, कढई बघा

नॅशव्हिलच्या त्या चिकनच्या दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर आमचे साडू वाचतील आणि त्यांची वकिली पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. पर्यटकांच्या भागातलं, जेवणाबरोबर स्वतःच्या नावाचे टी-शर्ट विकणारं दुकान, एवढं पुरे.

साडू नात्याने थोरले, हिच्या मोठ्या बहिणीचे यजमान. न्यू जर्सीहून आलेले, भाड्याची व्हॅन त्यांच्या नावावर आणि फोनमध्ये 'टॉप टेन'ची यादी तयार. मी अटलांटाजवळ राहतो, या रस्त्यांवर माझं येणं-जाणं आहे, पण थोरल्या साडूंपुढे कोण बोलणार! तरी मी हॉटेलातच सांगितलं होतं, नोलेन्सव्हिल पाइकवर 'प्रिन्सेस' आहे, तिकडे जाऊ. नॅशव्हिलचं हॉट चिकन त्याच घराण्यातून आलं. थॉर्नटन प्रिन्स नावाचा गृहस्थ रात्रभर बाहेर राहून घरी आला, चिडलेल्या बाईने त्याच्या चिकनवर तिखट ओतलं, त्याला ते आवडलं आणि १९३०च्या दशकात त्याने दुकान थाटलं, अशी कथा सांगतात. २०१३मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने या दुकानाचा गौरवही केला. हे सगळं मी सांगितलं. साडूंनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "अहो, इथे हजारो रिव्ह्यू आहेत. एवढे लोक वेडे आहेत का?"

मग भर उन्हात रांग. मुलं कंटाळली, मेव्हणीचं डोकं दुखायला लागलं. तासाभराने काउंटरपाशी पोचलो, तर अन्नाचा वास घेण्याआधीच टिप मागणारा स्क्रीन समोर फिरवला. वीस टक्क्यांच्या खालचा आकडा शोधावा लागत होता. साडूंनी वर आणखी एक घोळ केला. "आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला तिखट काय शिकवणार," म्हणत सगळ्यांत जहाल प्रकार मागवला. तांबड्या रश्श्याचं तिखट आणि हे तिखट यांत फरक आहे, हे मी रांगेतच बोललो होतो. इथे लाल केयेन मिरचीची पूड गरम तेलात किंवा डुकराच्या चरबीत कालवून तळलेल्या तुकड्यावर लेपतात. ते ओठांना, बोटांना चिकटून बसतं, पाण्याने जात नाही. खाली दिलेला साधा पांढरा ब्रेड आणि वरच्या काकडीच्या आंबट चकत्या शोभेच्या नसतात, त्या त्याचसाठी असतात. साडूंनी ब्रेड बाजूला सारला.

पण माझा राग तिखटावर नाही. पैसे देऊन आम्ही टेबलाशी बसलो, आणि मी पेल्यात बर्फ घालून परत येईपर्यंत ताटं हजर! तिथेच माझ्या लक्षात आलं. हाडासकट मांडीचा तुकडा कच्चा असताना कढईत सोडला तर नीट शिजायला पंधरा-वीस मिनिटं लागतातच. आमचं चिकन आमच्या आधीच कधीतरी तळून दिव्याखाली ठेवलेलं होतं. एसटी स्टँडवर सकाळचा वडा संध्याकाळी पुन्हा तेलात बुडवून वाढतात, तशी त्याची कळा. वरचं आवरण चामड्यासारखं सोलून हातात आलं आणि माझ्या तुकड्याचं हाडाजवळचं मांस चक्क गार होतं. हाडाजवळ जरा लालसर दिसणं वेगळं, ते शिजलेल्या चिकनमध्येही दिसतं. गार असणं वेगळं. कोंबडी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचली पाहिजे, हे अमेरिकन सरकारच सांगतं.

काउंटरवरच्या पोराने ताटाकडे पाहिलंही नाही. "आमचं असंच असतं." मग मॅनेजर आला आणि म्हणाला, "तुम्ही अर्धं खाल्लंय." अहो, खाल्ल्याशिवाय आतलं गार आहे हे कळणार कसं? मी तो तुकडा त्याच्यासमोर धरला, तर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. आणि आमचे साडू? "जाऊ द्या हो, चिकनच तर आहे," असं म्हणत ताटाचा फोटो काढत होते. रात्री पोटात आग पडली म्हणून माझ्याकडूनच जेलुसिल घेतलं आणि पलंगावर पडल्या पडल्या दुकानाला पाच तारे दिले. ते हजारो रिव्ह्यू कसे जमतात, ते मला तेव्हा समजलं.

आता तुम्ही अमेरिकेच्या दक्षिणेत तळलेलं चिकन खायला निघणार असाल तर एक प्रश्न पाठ करा. पैसे द्यायच्या आधी विचारा : ऑर्डर दिल्यावर तळता का? "वीस-पंचवीस मिनिटं लागतील" असं उत्तर आलं तर खुशाल बसा. "लगेच देतो" म्हणाले तर निघा, रांग कितीही मोठी असो. या धंद्यातला सगळा झगडा वेळेशी आहे. केंटकीत कॉर्बिनला कर्नल सँडर्स रस्त्यावरच्या प्रवाशांना जेवू घालायचा. तव्यावर तळायला फार वेळ जातो म्हणून १९३९मध्ये त्याने प्रेशर कुकर आणला. त्याने निदान डोकं चालवलं. हे लोक नुसता दिवा लावतात.

याला एक अपवाद आहे, आणि तो ऐकून साडू हसले होते : पेट्रोल पंप. दक्षिणेत, विशेषतः लुइझियाना-मिसिसिपीत, पंपावरच्या दुकानात तळलेलं चिकन मिळतं आणि त्यातलं काही फार चांगलं असतं. तिथेही ते काचेमागे, दिव्याखालीच असतं, पण दुपारी बाराच्या सुमाराला माल इतका भराभर संपतो की शिळा व्हायला त्याला सवड नसते. बाहेर कामगारांचे पिकअप ट्रक उभे असतील तर थांबा. दुपारी तीनला त्याच पंपावर फक्त पेट्रोल भरा.

नॅशव्हिलहून मेम्फिसला जाताना हायवे सोडून सत्तर नंबरच्या रस्त्याला लागा. मेसन नावाचं छोटं गाव लागतं. 'गसेस'चं मूळ दुकान तिथलं. आता त्यांच्या शाखा बऱ्याच झाल्या, पण उगम इथला. पातळ पिठात बुडवून शेंगदाणा तेलात तळलेलं, बेताचं तिखट, कुरकुरीत. कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधी विचारा. अटलांटात 'बिझी बी' १९४७पासून आहे. सव्हानात 'मिसेस विल्क्स'कडे अनोळखी लोकांबरोबर एका टेबलाला बसून भांडी एकमेकांकडे सरकवत जेवायचं असतं. पण ते फक्त दुपारी आणि शनिवार-रविवारी बंद. न्यू ऑर्लिन्सला 'विली मेज' आहे. कतरिना वादळात बुडालं, उभं राहिलं, मग २०२३मध्ये आग लागली. 'प्रिन्सेस'च्या जुन्या जागेलाही २०१८मध्ये आगीनेच टाळं लागलं. सांगायचा मुद्दा, जुन्या यादीतला पत्ता घेऊन निघू नका. निघण्याआधी दुकानाला फोन करा, उघडं आहे का आणि कुठे आहे ते विचारा. रविवारी तर कराच, कारण अनेक घरगुती दुकानं त्या दिवशी बंद असतात. उघडी असतात तिथे चर्च सुटल्यावर पाय ठेवायला जागा नसते.

पालेभाजीबद्दल हिची बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही, खरं तर तिने नवऱ्याशी अबोला धरायला हवा. त्याच प्रवासात एका बुफेत 'भाजी आहे, भाजी आहे' म्हणत साडूंनी तिला कॉलर्ड ग्रीन्स वाढले. ती डुकराचं मांस खात नाही. दक्षिणेत या पाल्यात आणि घेवड्याच्या शेंगांत डुकराचा तुकडा घालून तासन्तास शिजवतात, तीच त्याची चव. चिकनसुद्धा काही ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात. ज्यांना चालत नाही त्यांनी दोन्ही गोष्टी विचाराव्यात, लाजू नये. कोणी रागावत नाही. मकरोनी-चीज आणि गोड रताळी बहुधा चालून जातात.

बाकी नेहमीचंच : पाणी जवळ ठेवा, गाडीत टिश्यू ठेवा, लहान मुलांना तिखट देऊ नका. छातीचा तुकडा कोरडा पडतो, मांडी मागा. जुन्या दुकानांत रोकड लागू शकते.

उरलेलं चिकन टाकू नका. गार झालं तरी ते चांगलं लागतं. वंशभेदाच्या काळात हॉटेलांत प्रवेश नसलेली काळी कुटुंबं प्रवासाला निघताना बुटाच्या खोक्यात तळलेलं चिकनच बांधून घेत. 'प्रिन्सेस', 'बिझी बी', 'विली मेज' ही मी वर सांगितलेली दुकानंही काळ्या कुटुंबांनीच उभी केली. तिथे काउंटरवर कोणी मला "असंच असतं" म्हटलेलं नाही. 'बिझी बी'त एकदा तुकडा जरा जास्त लाल झाला होता, तर मी काही बोलायच्या आत बाईंनी बदलून दिला.

साडू पुढच्या वर्षी टेक्सासला जाऊ म्हणताहेत. यादी तयार आहे असं कळतं. तुमच्याबरोबरही असं कुणी असेल तर व्हॅन स्वतःच्या नावावर घ्या.