मंदीतही घरचं नेट का वाढलं?

बारावीच्या अर्थशास्त्रात मागणीची व्याख्या आपण पाठ करतो : इच्छा, पैसे देण्याची ऐपत आणि पैसे देण्याची तयारी. तिन्ही असेल तरच मागणी. वाक्य सोपं आहे, म्हणूनच मुलं ते घाईत लिहून पुढे जातात. घरच्या ब्रॉडबँडचं उदाहरण घेऊन ते नीट बघू.

२०२० च्या एप्रिल ते जून तिमाहीत भारताचं स्थूल देशांतर्गत उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घसरलं. कुणाचा पगार कापला गेला, कुणाचं काम गेलं. उत्पन्न घटलं की मागणी घटते, हा आपला नियम. पण वायरवरचं ब्रॉडबँड उलट वाढलं. ट्रायच्या आकड्यांनुसार मार्च २०२० मध्ये अशा जोडण्या २ कोटींच्या थोड्या खाली होत्या. वर्षभरात त्या सव्वादोन कोटींच्या वर गेल्या.

मग नियम खोटा ठरला का? नाही. 'इतर परिस्थिती कायम असताना' हे शब्द विसरू नका. इथे परिस्थितीच बदलली होती. शाळा आणि ऑफिस दोन्ही घरात आले, एका मोबाईलच्या डेटावर चौघांचं भागेना. दुसरीकडे किंमतही उतरली. जिओफायबर सप्टेंबर २०१९ मध्ये आलं तेव्हा सर्वांत स्वस्त मासिक प्लॅन ६९९ रुपयांचा होता, वर्षभराने ३९९ चा आला (वेगही कमी केला, ते वेगळं). किमतीमुळे मागणी वाढली तर तो 'विस्तार', बिंदू त्याच वक्रावर खाली सरकतो. गरज वाढल्यामुळे वाढली तर ती 'वृद्धी', अख्खा वक्र उजवीकडे जातो. पेपरात गल्लत होते ती नेमकी इथे!

आता ऐपतीकडे या. ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ४७१ रुपये होतात. महिना ४०,००० कमावणाऱ्या घराला हे उत्पन्नाच्या सव्वा टक्क्याहूनही कमी. १२,००० वाल्याला जवळपास ४ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने परवडण्याची मर्यादा २ टक्के धरली आहे, पण ती देशाच्या सरासरी उत्पन्नावर. सरासरीत १२,००० वालं घर दिसत नाही. शिवाय मोबाईलचं रिचार्ज छोटं मारता येतं, चार दिवस पुढे ढकलता येतं. ब्रॉडबँडचं बिल तसं तुकड्यांत भरता येत नाही.

अशा घरातल्या मुलीला ऑनलाइन तासाला बसायची इच्छा होती, आईबापांची तयारीही होती, ऐपत नव्हती. व्याख्येप्रमाणे ही मागणी नाहीच. वाढलेल्या आकड्यांत ते घर मोजलं जात नाही, आणि त्या गल्लीत वायर न्यायचं कारण कंपनीलाही दिसत नाही.

स्वाध्याय : तुमच्या घरचा नेट आणि रिचार्जचा एकूण मासिक खर्च उत्पन्नाच्या किती टक्के येतो ते काढा. उत्पन्न निम्मं झालं तर आधी काय बंद कराल, ते कारणासह लिहा.