आडनावाचा मागोवा : व्युत्पत्ती आणि वंशावळ

आडनावावरून घराण्याचे मूळ गाव आणि स्थलांतर कितपत सांगता येते, हा या पाठातील मुख्य प्रश्न आहे.

१. शब्दाची साक्ष

ग्रामनामाला ‘कर’ हा प्रत्यय लागून मराठीत असंख्य आडनावे तयार झाली. गावातच राहणाऱ्याला त्या गावाच्या नावाने ओळखण्याचे कारण नसते. ते नाव त्याला परगावी मिळते. म्हणून असे आडनाव ही बहुधा सोडलेल्या गावाची खूण असते. मात्र एकाच गावातून निरनिराळ्या जातींची व कुळांची माणसे बाहेर पडतात आणि तेच आडनाव धारण करतात. आडनाव एक म्हणून कूळही एक, असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘कुलकर्णी’, ‘देशपांडे’, ‘पाटील’ ही वतनदारीची नावे आहेत. त्यांच्यामागे मूळ उपनाव झाकले जाते. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ यांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले. पुढे ते पद वंशपरंपरागत झाले आणि ‘भट’ मागे पडून ‘पेशवे’ हेच घराण्याचे नाव रूढ झाले.

२. कागदांची साक्ष

शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावा. प्रथम घरातील कागद आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवाव्यात. त्यानंतर शाळेतील प्रवेशाची नोंदवही, जमिनीचे फेरफार आणि गावची जन्म-मृत्यू नोंदवही पाहावी. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते. केवळ व्यक्तीचे व वडिलांचे नाव आढळते. अशा वेळी गाव, जमीन आणि पिढ्यांचा क्रम यांवरून ओळख पटवावी लागते. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे व गावे सापडतात. एकाच घराण्याच्या नोंदींत कालांतराने गाव बदललेले दिसले, तर स्थलांतराचा अंदाज बांधता येतो. वतनासंबंधीचे महजर व निवाडे वाचण्यासाठी मोडी लिपीचे ज्ञान आवश्यक आहे.

३. साक्षीची पारख

वंशावळ कोणी आणि कशासाठी तयार केली, हे विचारल्याशिवाय ती स्वीकारू नये. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्यात माहितीबरोबर राजकुळाचा गौरवही आहे. वतनाच्या वादात सादर झालेली वंशावळ हक्क सिद्ध करण्यासाठी असते. वारसाहक्काशी संबंध नसलेल्या शाखा तिच्यात गळू शकतात. मुलींची नावे तर पुष्कळ वंशावळींत येतच नाहीत. ज्यांच्याकडे वतन वा जमीन नव्हती, त्यांची नोंद दप्तरात क्वचितच झाली. म्हणून नोंद नाही याचा अर्थ इतिहास नाही, असा करू नये. तेथे मौखिक परंपरा, कुलदैवत आणि देवक यांचा आधार घ्यावा. मात्र तोही इतर पुराव्यांशी ताडून पाहावा.

आपली प्रगती तपासा

१. ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव स्थलांतराची खूण का मानावी, ते स्पष्ट करा.
२. आपल्या आडनावाविषयी घरात सांगितली जाणारी हकीकत लिहा. तिच्यातील कोणते विधान कोणत्या कागदाने तपासता येईल, ते नमूद करा.