मोडका मावळा आणि पॉलिमरची माती

पाबळचे नाव काढले की परगावची माणसे दोनच गोष्टी विचारतात. एक मस्तानीची समाधी, आणि दुसरी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम. माझा विषय यांपैकी एकही नाही. दिवाळी आली की आपल्या पुणे जिल्ह्यात घरोघरच्या अंगणांत दगड, माती आणि गोणपाट यांचे किल्ले उभे राहतात, त्यांवर हळीव पेरतात आणि मावळे मांडतात. त्या मावळ्यांची मोडलेली अंगे घडविणे व जुना रंग नव्याने देणे, हा माझा छंद. तो मी चुकत चुकत शिकले. म्हणून हा लेख.

परदेशात या छंदाचा व्याप मोठा आहे. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी. आय. ज्यो नावाचा, सांधे हलणारा सैनिक बाजारात आणला. मुलगे 'बाहुली' घेऊन खेळणार नाहीत, या धास्तीने त्याला 'ॲक्शन फिगर' असे नाव दिले गेले. अशी खेळणी घेऊन त्यांना नवे हात, नवे चेहरे, नवे रंग देणारे हौशी लोक आज जगभर आहेत. आपल्या मावळ्याला मात्र कोणी बाहुली म्हटल्याचे मी ऐकलेले नाही!

आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात एकोणीस मावळे होते. ते माझ्या थोरल्या चुलत्यांचे, नानांचे. दर दिवाळीस नाना डबा उघडीत आणि ज्याचा रंग उडाला असेल त्याच्या मिशा व भुवया काळ्या ऑइलपेंटने स्वतः काढीत. नाना गेल्यावर दोन वर्षे डबा कोणी उघडला नाही. मग काकूंनीच तो माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "बघ गं, एखाददुसरा उभा करता आला तर. पोरं किल्ला करायचा म्हणतायत."

जुना रंग काढण्यासाठी मी पहिला मावळा साबणाच्या पाण्यात घातला. तासाभराने पाहते तो पातेल्याच्या तळाशी चिखल, आणि त्यावर रंगाचे पापुद्रे! मावळा कच्च्या शाडूचा होता. काकू काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

म्हणून पहिला पाठ हा की, मूर्ती कशाची आहे हे कळल्याखेरीज तिला पाणी लावू नये. तळाचा, रंग न लागलेला भाग ओल्या बोटाने चोळावा. बोटाला चिकट माती लागली तर तो कच्चा शाडू. त्यातले पाणी उडाल्यामुळेच तो कडक झालेला असतो, पाणी परत मिळाले की पुन्हा चिखल. भट्टीतल्या आचेने मातीचे कण एकमेकांना कायमचे धरतात, म्हणून माठ विरघळत नाही. अशी मूर्ती टिचकी मारली की खणखणते. खरवडल्यावर पांढरी पूड निघाली तर प्लास्टर ऑफ पॅरिस. हातात हलके लागले तर प्लास्टिक. प्लास्टिकला थिनर लावू नये. पुष्कळ प्लास्टिके त्यात विरघळतात.

दुसऱ्या मावळ्याचा भाल्याचा हात खांद्यापासून तुटला होता. त्यासाठी मी पॉलिमर क्ले आणली. ही मुळी मातीच नव्हे. पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य यांचा हा गोळा. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केथे क्रूझ यांच्या कन्येने अशा द्रव्यावर प्रयोग केले आणि साठच्या दशकात ते 'फिमो' या नावाने बाजारात आले. हवेत ती वाळत नाही. साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस उष्णतेत पुडीचे कण एकमेकांत मिसळतात आणि गोळा घट्ट होतो. पाव इंच जाडीला सुमारे अर्धा तास धरावा. नेमका आकडा वेष्टनावर असतो.

घरी भट्टी नव्हती, म्हणून मी तो हात भाकरीच्या तव्यावर ठेवला. खालून कोळसा, वरून कच्चा, आणि घरभर घाण वास. पीव्हीसी फार तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो, हे मी नंतर वाचले. पुढे मावसबहिणीचा विजेचा ओव्हन मिळाला. आत वेगळा तापमापक ठेवला, कारण बाहेरच्या बटणावरच्या आकड्यांचा मला भरवसा वाटेना. रंगविलेली जुनी मूर्ती किंवा प्लास्टिकचे खेळणे ओव्हनमध्ये घालू नये; हात तारेवर वेगळा घडवून, भाजून, मग चिकटवावा. प्लास्टिकला एम-सीलसारखे दोन गोळ्यांचे लुकण बरे, ते आपोआप घट्ट होते.

पंजा करताना पाच वळ्या वळून जोडण्याचा मोह होतो. तसे केले की केळ्यांचा घड दिसतो. आधी चपटा पंजा करावा, मग सुरीने बोटे कापावीत. पंजाची लांबी हनुवटीपासून कपाळाच्या मध्यापर्यंत. ही मोजदाद स्वतःच्या चेहऱ्यावर करून पाहा.

रंग ॲक्रिलिकचे घ्यावेत. एनॅमल पॉलिमरवर कधीकधी महिनोन्‌महिने चिकट राहतो. दाट एक थर देण्याऐवजी पातळ तीन द्यावेत. मग तपकिरी रंग पाण्यासारखा करून चुण्यांत सोडावा आणि वरचा पुसून घ्यावा. अंगरख्याला घड्या दिसू लागतात.

अंगरखा झाला, पागोटे झाले. चेहऱ्याशी आल्यावर मात्र माझा हात थांबला. गालांवर रंगाचे पोपडे होते, एक भुवई दुसरीपेक्षा वर चढलेली. रीतीप्रमाणे सारे खरवडून नवे करायला हवे होते. पण ती वाकडी भुवई नानांची होती. मी पोपड्यांच्या कडा पातळ फेव्हिकॉलने बसविल्या आणि चेहरा तसाच सोडला. जाणकार याला अर्धवट काम म्हणतील, म्हणोत.

धनत्रयोदशीला तो मावळा किल्ल्याच्या दरवाजाशी उभा राहिला. काकूंनी त्याला उचलून चष्म्याजवळ धरले. "हात जरा जाड झालाय," त्या म्हणाल्या, आणि भाला पुढे येईल असा फिरवून त्याला परत ठेवला. हात खरोखरच जाड झाला आहे. डब्यात आणखी सहा मावळे हातांची वाट पाहत आहेत. पुढचा पंजा मी बारीक कापणार आहे.