पाठ १२ : किनाऱ्याकडे जाणारी वाट

वाचण्याआधी

तुम्ही सलवामध्ये राहता, म्हणजे समुद्र घरापासून फार लांब नाही. समजा, तुमच्या इमारतीजवळ एक मोकळी जागा आहे. तिथूनच तुम्ही रोज समुद्रावर फिरायला जाता. उद्या त्या जागेवर हॉटेल बांधायचे ठरले, तर? हॉटेल बांधू द्यायचे की नाही, हे कोण ठरवते? आणि तुमच्या वाटेचे काय होते?

कुवेतमध्ये बांधकामाची परवानगी ‘बलदिया’ देते. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. ती १९३० मध्ये सुरू झाली. तिच्या नगर परिषदेत १६ सभासद असतात : १० निवडून आलेले आणि ६ सरकारने नेमलेले. या निवडणुकीत फक्त कुवेतचे नागरिक मत देतात. बाहेरून आलेल्या कुटुंबांना मत नसते.

गोव्यात असाच एक प्रश्न खरोखर आला होता. तो आता वाचू.

नवे शब्द

परवानगी : ‘करा’ असे अधिकाऱ्याने सांगणे
अट : ‘हे केले तरच ते मिळेल’ असे बोलणे
करार : दोघांनी मान्य करून सही केलेला कागद
निकाल : न्यायालयाने दिलेला निर्णय
विश्वस्त : दुसऱ्याची वस्तू सांभाळणारा
वटहुकूम : विधानसभा भरलेली नसताना सरकारने काढलेला तात्पुरता कायदा

वाचन

पणजीजवळ दोना पावला नावाची जागा आहे. तिथे वायंगिणी नावाचा छोटा समुद्रकिनारा आहे. या किनाऱ्यावर ‘सिदाद द गोवा’ हे मोठे हॉटेल उभे राहिले. त्याचा आराखडा प्रसिद्ध वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी केला.

हॉटेलला आणखी जमीन हवी होती. सरकारने कायदा वापरून लोकांची जमीन घेतली आणि कंपनीला दिली. १९८३ मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला. त्यात एक महत्त्वाची अट होती : लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी वाट मोकळी ठेवायची.

पुढे हॉटेल वाढले. नवा भाग बांधला गेला आणि किनाऱ्याकडे जाणारी जुनी वाट अडली. गावातले लोक आणि गोवा फाउंडेशन ही संस्था न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे साधे होते : “करारात वाट लिहिली आहे. मग ती कुठे गेली?”

२००० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. वाट मोकळी करा आणि आड येणारे बांधकाम पाडा, असे न्यायालयाने सांगितले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २००९ मध्ये तिथेही लोकच जिंकले. न्यायालयाने सांगितले, की समुद्रकिनारा सर्वांचा असतो. सरकार त्याचे मालक नाही, विश्वस्त आहे.

गोष्ट इथे संपली नाही. त्याच वर्षी गोवा सरकारने आधी वटहुकूम काढला, मग कायदाच बदलला. गंमत बघा : कायदा २००९ चा, पण तो १९६४ पासून लागू आहे असे धरायचे! त्यामुळे हॉटेलचा नवा भाग पाडण्याची गरज उरली नाही. लोक पुन्हा न्यायालयात गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नवा कायदा योग्य ठरवला.

करारापासून शेवटच्या निकालापर्यंत ३३ वर्षे गेली. तेव्हा जन्मलेली मुले तोपर्यंत आई-बाबा झाली असतील.

संवाद

(सलवामधली नात गोव्यातल्या आजोबांशी फोनवर बोलते आहे.)

नात : आजोबा, मग शेवटी जिंकलं कोण?
आजोबा : कागदावर बघशील तर हॉटेल. त्यांना काही पाडावं लागलं नाही.
नात : मग लोक कोर्टात गेले, त्याचा उपयोग काय झाला?
आजोबा : अगं, किनारा सगळ्यांचा आहे, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं लिहून दिलं. उद्या दुसऱ्या गावात कुणी वाट अडवली, तर ते लोक हा निकाल दाखवू शकतात.
नात : पण सरकारनं पुन्हा कायदाच बदलला तर?
आजोबा : तिथंच तर सगळं अडतं! म्हणून आधीच विचारायचं. अट कोणी लिहिली? ती पाळतात की नाही, हे कोण बघतं? भिंत उभी राहिल्यावर विचारलं तर फार उशीर होतो, बाळा.

भाषेकडे लक्ष द्या

१. वाचनात ‘सांगितले’, ‘वाढले’ असे शब्द आहेत. आजोबा मात्र ‘पाडावं लागलं’ म्हणतात. लिहिताना शेवटी ‘ए’, बोलताना ‘अं’. दोन्ही बरोबर आहेत. आजीला फोनवर ‘मी जेवण केले’ म्हणालात, तर ती नक्की हसेल!

२. ‘किनारा’ पण ‘किनाऱ्यावर’. ‘वाट’ पण ‘वाटेवर’. पुढे ‘वर’सारखा शब्द जोडला, की मूळ शब्दाचे रूप बदलते. याला सामान्यरूप म्हणतात.

३. आजोबा नातीला ‘अगं’ म्हणतात. नातू असता तर ‘अरे’ म्हणाले असते.

प्रश्न

१. १९८३ च्या करारात कोणती अट होती?
२. ‘मालक’ आणि ‘विश्वस्त’ यांत फरक काय? तुमच्या घरातले एक उदाहरण द्या.
३. २००९ मध्ये कोणत्या तीन गोष्टी घडल्या? क्रमाने लिहा.
४. बोली रूपात लिहा : ‘सरकारने कायदा बदलला. लोकांना वाईट वाटले.’
५. तुमच्या मते २०१६ चा निकाल योग्य होता का? ‘कारण’ हा शब्द वापरून चार वाक्ये लिहा.
६. सलवामध्ये आपल्याला मत नाही, पण प्रश्न विचारता येतात. घराजवळ नवे बांधकाम होणार असेल, तर तुम्ही काय विचाराल? तीन प्रश्न आधी मराठीत लिहा आणि मग घरात मोठ्यांना वाचून दाखवा.